अभयक्षेत्रातील अठरा देवमासे : एका निकालपत्राचे वाचन

हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ३१ मार्च २०१४ रोजी अंटार्क्टिक समुद्रातील देवमाशांच्या शिकारीसंबंधी जो निकाल दिला, त्याचा निर्देश सामान्यतः असा केला जातो : ऑस्ट्रेलियाने जपानवर लावलेल्या दाव्यात न्यायालयाने दक्षिण महासागरातील देवमाशांच्या अभयक्षेत्राचे रक्षण केले. हे विधान असत्य नव्हे. परंतु निकालपत्र आरंभापासून अखेरपर्यंत वाचणाऱ्या अभ्यासकास ते फारसे पटणार नाही. निकालपत्रात अभयक्षेत्राचा स्वतंत्र विचार येतो तो अगदी शेवटी, सर्व महत्त्वाचे प्रश्न निकालात निघाल्यानंतर, काही ओळींपुरता. आणि त्या ओळींची कक्षा पाहू गेल्यास तीत अवघे अठरा देवमासे बसतात. ज्या क्षेत्राचा विस्तार सुमारे पाच कोटी चौरस किलोमीटर आहे, त्याच्या वाट्यास अठरा देवमासे यावेत ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ती कशी घडली हे पाहण्यासाठी प्रथम करार, मग निकाल, आणि त्यानंतर सिडनी येथील एका निकालाची तुलना, असा क्रम येथे स्वीकारला आहे.

प्रारंभी संज्ञेविषयी थोडे. इंग्रजी ‘सँक्च्युअरी’ या शब्दासाठी आपण ‘अभयारण्य’ हा शब्द रूढ केला आहे. समुद्रात अरण्य नसल्यामुळे येथे ‘अभयक्षेत्र’ असे म्हटले आहे. पण खरी अडचण ‘अरण्य’ या पदाची नसून ‘अभय’ या पदाची आहे. अभय ही दिली जाणारी वस्तू आहे. ते देणारा कोणीतरी असावा लागतो, आणि दिलेले अभय पाळून घेण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी असावे लागते. मराठी कागदपत्रांतील कौलनामे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे निराळे सांगावयास नको. उजाड गावी पुन्हा लागवड करण्यास येणाऱ्या कुळास कौल दिला जाई तो कोणत्या तरी सत्तेचा, आणि त्या सत्तेचा अंमल जेथवर, तेथवरच त्या कौलाची किंमत. दक्षिण महासागरावर कोणाचाच निर्विवाद अंमल नाही. मग तेथील अभय कोणाचे?

ज्या कराराखाली हे अभय दिले गेले तो देवमाशांच्या शिकारीचे नियमन करणारा आंतरराष्ट्रीय करार २ डिसेंबर १९४६ रोजी वॉशिंग्टन येथे झाला. त्याचे प्रास्ताविक वाचताना दोन आवाज ऐकू येतात. देवमाशांच्या साठ्यांचे यथायोग्य जतन व्हावे हा एक. आणि त्यायोगे देवमाशांच्या धंद्याचा सुव्यवस्थित विकास व्हावा हा दुसरा. करारकर्त्यांना या दोहोंत विरोध दिसत नव्हता, कारण त्यांच्या दृष्टीने देवमासा हा प्रथमतः साठा होता. त्या काळी अंटार्क्टिकमधील शिकारीची मर्यादा प्राण्यांच्या संख्येने नव्हे, तर ‘निळ्या देवमाशाच्या एकका’ने मोजली जाई : एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन, अडीच हम्पबॅक, किंवा सहा सेई, आणि हंगामाची मर्यादा प्रथम ठरली ती अशा १६,००० एककांची. कोणती जाती किती उरली आहे याचा या हिशेबात प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो तेलाच्या उताऱ्याचा. १९७२ पर्यंत हे एकक चालू राहिले. विसाव्या शतकात एकट्या दक्षिण गोलार्धात वीस लाखांहून अधिक देवमासे मारले गेले, त्यांपैकी कित्येक या हिशेबाच्या आधारे, पूर्णतः कायदेशीरपणे.

अभयक्षेत्राची कल्पनाही या करारास नवी नव्हती. अंटार्क्टिकच्या प्रशांत बाजूचा एक मोठा पट्टा १९३८ सालीच शिकारीस बंद करण्यात आला होता, आणि १९४६ च्या करारानेही तो तसाच ठेवला. मात्र १९५५ मध्ये, इतर भागांवरील शिकारीचा ताण हलका व्हावा म्हणून, तोच पट्टा खुला करण्यात आला. पडीक ठेवलेले कुरण टंचाईच्या वर्षी सोडावे, तसा हा प्रकार. आजचे वाचक अभयक्षेत्राचा जो अर्थ घेतात तो १९५५ च्या आयोगाला अभिप्रेत नव्हता एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

पुढे १९७९ मध्ये सेशेल्सच्या प्रस्तावावरून हिंदी महासागराचे अभयक्षेत्र झाले. अरबी समुद्र त्यात आला, म्हणजे पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतची आपली किनारपट्टी ज्या पाण्याकडे तोंड करून आहे ते पाणीही त्यात आले. किनाऱ्यावर राहणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे कोण जाणे. त्यापूर्वी १९६० च्या दशकात सोव्हिएत ताफ्यांनी याच अरबी समुद्रात दोनशेहून अधिक हम्पबॅक देवमासे नियमबाह्य रीतीने मारले होते आणि ती गोष्ट जगास कळली ती सोव्हिएत संघ लयास गेल्यानंतर. भारत आयोगाचा सदस्य झाला तो १९८१ मध्ये.

दक्षिण महासागराच्या अभयक्षेत्राचा ठराव मेक्सिकोतील आयोगाच्या बैठकीत १९९४ मध्ये संमत झाला. प्रस्ताव फ्रान्सने दोन वर्षांपूर्वी मांडला होता. विरोधी मत एकट्या जपानचे पडले. अनुसूचीच्या सातव्या परिच्छेदातील ‘ब’ उपपरिच्छेद म्हणून तो ठराव आज आहे, आणि त्याची शब्दयोजना सूक्ष्मपणे पाहण्याजोगी आहे. त्यात निषिद्ध केली आहे ती ‘व्यापारी’ शिकार. आणि हा निषेध त्या क्षेत्रातील देवमाशांच्या साठ्यांची स्थिती कशीही असो, तरी लागू राहील असे म्हटले आहे. आता याच कराराचे पाचवे कलम असे सांगते की, अनुसूचीतील दुरुस्त्या वैज्ञानिक निष्कर्षांवर आधारलेल्या असाव्यात, आणि देवमाशांपासून होणाऱ्या पदार्थांच्या ग्राहकांचे व त्या धंद्याचे हित त्यांत लक्षात घेतले जावे. साठ्याची स्थिती कशीही असो, असे म्हणणारी दुरुस्ती वैज्ञानिक निष्कर्षावर आधारलेली आहे असे कसे म्हणावे, असा आक्षेप कोणी घेतला तर तो केवळ वितंडवाद ठरत नाही. अभयक्षेत्राच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी या आक्षेपास सरळ सामोरे जावयास हवे होते. बहुतेकांनी तो जपानच्या स्वार्थाच्या खात्यावर टाकून विषय संपविला आहे.

त्याच पाचव्या कलमात आणखी एक तरतूद आहे. दुरुस्ती संमत झाल्यावर नव्वद दिवसांच्या आत एखाद्या सरकारने हरकत नोंदविली, तर ती दुरुस्ती त्या सरकारावर बंधनकारक होत नाही. जपानने ही हरकत नोंदविली, आणि ती मोठ्या नेमकेपणाने नोंदविली : संपूर्ण अभयक्षेत्राविरुद्ध नव्हे, तर अंटार्क्टिकमधील मिंक देवमाशांपुरती. अर्थात जपानी जहाजे ज्या प्राण्यासाठी दक्षिणेकडे जात होती, नेमका तोच प्राणी जपानपुरता अभयाच्या बाहेर राहिला.

आता आठवे कलम. करारात अन्य काहीही असले तरी, कोणतेही सदस्य सरकार आपल्या प्रजाजनास ‘वैज्ञानिक संशोधनाच्या प्रयोजनार्थ’ देवमासे मारण्याचा विशेष परवाना देऊ शकते. संख्येच्या व इतर अटी त्या सरकारास योग्य वाटतील त्या. मारलेल्या देवमाशांचा शक्य तेवढा उपयोग करून घ्यावा, असेही तेच कलम म्हणते. त्यामुळे मांस बाजारात आले एवढ्यावरून परवाना खोटा ठरत नाही. १९८२ मध्ये आयोगाने व्यापारी शिकारीस स्थगिती दिली. जपानने तीस घेतलेली हरकत पुढे मागे घेतली, आणि १९८७-८८ च्या हंगामापासून आठव्या कलमाखाली अंटार्क्टिकमध्ये संशोधन सुरू केले. पहिल्या कार्यक्रमात अठरा हंगामांत ६,७०० हून अधिक मिंक देवमासे मारले गेले. २००५-०६ पासून दुसरा कार्यक्रम आला. त्याचे वार्षिक लक्ष्य ८५० मिंक (दहा टक्के कमी-अधिक), ५० फिन आणि ५० हम्पबॅक असे होते. ऑस्ट्रेलियाने ३१ मे २०१० रोजी हेगला दावा लावला तो या दुसऱ्या कार्यक्रमाविरुद्ध.

वादाचे स्वरूप येथे नीट पाहिले पाहिजे. ऑस्ट्रेलियाने आपल्या तज्ज्ञाकरवी वैज्ञानिक संशोधनाची लक्षणे न्यायालयापुढे ठेवली आणि जपानचा कार्यक्रम त्यांत बसत नाही असे म्हटले. जपानचे म्हणणे असे की, परवाना द्यावा की न द्यावा हे ठरविण्याचा अधिकार आठव्या कलमाने परवाना देणाऱ्या सरकारास दिला आहे. न्यायालयाने त्यात शिरू नये. न्यायालयाने दोन्ही मार्ग सोडले. संशोधन म्हणजे काय याची व्याख्या करण्याचे त्याने नाकारले. ती आपण करण्याचे कारण नाही असे म्हटले. उलटपक्षी, सरकारची स्वतःची समजूत हाच निर्णायक निकष, हेही त्याने मानले नाही. त्याने ‘वैज्ञानिक संशोधन’ आणि ‘प्रयोजनार्थ’ ही दोन पदे पृथक् केली, आणि सारा भर दुसऱ्या पदावर दिला. एखाद्या कार्यक्रमात संशोधन असेल. परंतु त्यातील देवमाशांचा वध त्या संशोधनाच्या प्रयोजनार्थ आहे की नाही, हा निराळा प्रश्न होय.

आपल्याकडील शास्त्रांशी परिचित असलेल्या वाचकास हा भेद अनोळखी वाटणार नाही. वैयाकरण ज्यास तादर्थ्य म्हणतात तेच हे. यूपासाठी लाकूड, कुंडलासाठी सोने : येथे लाकूड किती व कोणते हे यूपावरून ठरते. यूपास पुरेल त्याच्या दसपट लाकूड तोडून आणले, तर उरलेल्या लाकडास ‘यूपासाठी’ असे म्हणता येत नाही, मग यूप खरोखरच उभा राहिलेला असो. मीमांसकांचा शेषशेषिभावही हेच सांगतो : जे अंग आहे त्याचे परिमाण प्रधानावरून निश्चित होते. उलट, आंब्याच्या मुळाशी तर्पण करून आंबाही शिंपावा आणि पितरही तृप्त करावे, असा जो लौकिक न्याय आहे, त्याचा आश्रय जपानच्या बाजूस घेता आला असता. एका क्रियेची दोन फले असण्यात दोष नाही. न्यायालयानेही तो दोष मानला नाही, हे ध्यानात ठेवावे. मांसविक्रीमुळे, किंवा परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मनात अन्य हेतू असल्यामुळे, कार्यक्रम आपोआप बाद होत नाही असे त्याने स्पष्ट सांगितले. त्याने तपासले ते एवढेच की, पाणी घातले गेले ते आंब्यास लागेल तेवढेच काय.

ही तपासणी निकालपत्राचा सर्वांत समृद्ध भाग आहे. पहिल्या कार्यक्रमाची शेवटची वर्षे ४०० च्या आसपासच्या लक्ष्याने चालली असता दुसऱ्यात ते एकदम दुपटीहून अधिक का झाले? पहिल्याच्या फलिताचे आयोगाकडून परीक्षण होण्यापूर्वीच दुसरा का सुरू झाला? प्राणी न मारता माहिती मिळविण्याच्या पद्धतींचा कितपत विचार झाला? त्या विचाराचा पुरावा जपानला दाखविता आला नाही. प्रसिद्ध झालेल्या निबंधांविषयी विचारता, तज्ज्ञांकडून तपासून घेतलेले असे दोनच निबंध जपानने पुढे केले, आणि ते अनुक्रमे सात व दोन देवमाशांवर आधारलेले होते. तोवर या कार्यक्रमात मारलेल्या मिंक देवमाशांची संख्या ३,६०० च्या घरात गेली होती.

परंतु सर्वांत निर्णायक ठरले ते न मारलेले देवमासे. कार्यक्रमाच्या उद्दिष्टांपैकी एक असे होते की, मिंक, फिन व हम्पबॅक या जातींमध्ये अन्नासाठी जी स्पर्धा चालते तिचा अभ्यास करावा. त्यासाठी तिन्ही जातींचे नमुने हवे. प्रत्यक्षात हम्पबॅक एकही मारला गेला नाही. राजनैतिक कारणांसाठी ते स्थगित ठेवण्यात आले होते. फिन देवमासे पहिल्या सात हंगामांत मिळून अठरा, त्यांतील दहा पहिल्याच हंगामात. मोठे देवमासे वर ओढून घेण्याची सोय कारखाना-जहाजावर नव्हती, असेही एक कारण होते. मिंकची संख्याही लक्ष्याखाली घसरत गेली, इतकी की २०१२-१३ मध्ये ती १०३ वर आली. असे असूनही उद्दिष्टे बदलली नाहीत, ८५० चा आकडाही बदलला नाही, आणि जपानचे म्हणणे असे की १०३ नीही उपयुक्त संशोधन होते. न्यायालयाने याचे जे उत्तर दिले त्याचा आशय असा : थोडक्यात भागत असेल तर आठशे पन्नास कशासाठी होते, आणि भागत नसेल तर कार्यक्रम तसाच का चालू आहे? बारा विरुद्ध चार मतांनी, हा वध वैज्ञानिक संशोधनाच्या प्रयोजनार्थ नाही असा निर्णय झाला. बारांत भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते; ते पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, आणि या प्रकरणी त्यांनी आपले पृथक् मतही लिहिले आहे.

भिन्नमत देणाऱ्या चौघांत जपानचे न्यायमूर्ती ओवादा असल्यामुळे त्यांचा आक्षेप पक्षपाताचा समजून बाजूस सारण्याची प्रवृत्ती दिसते. ती बरी नव्हे. कार्यक्रमाची वस्तुनिष्ठ वाजवीपणाने परीक्षा करणे हा निकष करारात कोठे आहे, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो खरा प्रश्न आहे. सार्वभौम राष्ट्राच्या सद्भावाचे गृहीतक सोडून न्यायाधीशांनी नमुन्यांचे आकडे मोजत बसावे काय? आमच्या मते, बसावे. ‘प्रयोजनार्थ’ हे पद करारात आहे, आणि ज्या पदाची सत्यता कोणासच तपासता येत नाही ते पद करारात असणे व नसणे सारखेच. परंतु न्यायालयाने हे उत्तर पुरेशा विस्ताराने दिलेले नाही. निकष कोठून आला हे सांगण्यावाचून तो वापरला आहे. निकालपत्राची ही एक उणीव होय.

आणि आता अभयक्षेत्र. वध आठव्या कलमात बसत नाही असे ठरल्यावर तो अनुसूचीच्या कोणत्या परिच्छेदांचा भंग करतो हे पाहणे उरले. व्यापारी शिकारीच्या स्थगितीचा भंग झाला. तो सर्व जातींबाबत. कारखाना-जहाजांवरील बंदीचा भंग झाला. तीतून मिंक मुळातच वगळलेला असल्यामुळे तो फिनपुरता. सातव्या परिच्छेदातील अभयक्षेत्राचाही भंग झाला. परंतु मिंकसंबंधी जपानची हरकत कायम असल्यामुळे तोही केवळ फिन देवमाशांपुरता, आणि ज्या ज्या हंगामांत ते मारले गेले त्या त्या हंगामांपुरता. म्हणजे ३,६०० मिंक देवमासे अभयक्षेत्राच्या सीमेत मारले गेले, पण त्यांच्या वधाने जपानविरुद्ध अभयक्षेत्राचा भंग झाला नाही. अठरांच्या वधाने झाला. लेखाच्या शीर्षकातील आकडा तो हाच. मिंकचे रक्षण निकालाने केले खरे, पण ते स्थगितीच्या आधारे. आणि ती स्थगिती तेथे लागू झाली ती ‘प्रयोजनार्थ’ या पदाच्या अर्थामुळे. उद्या स्थगिती उठली असती, तर जपानी जहाजांपुरते मिंकला अभयक्षेत्रात काहीच अभय उरले नसते.

न्यायालयास याहून अधिक करता आले असते काय? हरकत डावलणे त्याच्या अधिकारात नव्हते. परंतु ज्या क्षेत्रात आयोगाने वधाचा निषेध केला आहे, त्या क्षेत्रात परवाना देताना प्रयोजनाची परीक्षा अधिक कठोर असावी की नसावी, हा प्रश्न तरी विचारता आला असता. क्षेत्राच्या स्वरूपाचा अपवादाच्या वाचनावर काही परिणाम होतो काय, याविषयी निकालपत्र मौन पाळते. देवमाशांविषयी राष्ट्राराष्ट्रांत मतभेद आहेत, ते मिटविणे आपले काम नव्हे, असे न्यायालय प्रारंभीच म्हणते. ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. तीपायी अभयक्षेत्र मात्र नकाशावरील रेषा होऊन राहते.

जेथे न्यायालयाने अभयक्षेत्रालाच निर्णयाचा पाया केले तेथे काय घडले, हे ताडून पाहण्यास एक उदाहरण उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियाने १९९९ च्या आपल्या पर्यावरण-कायद्याखाली स्वतःचे एक देवमाशांचे अभयक्षेत्र जाहीर केले आहे, आणि अंटार्क्टिकच्या ज्या भागावर तो देश हक्क सांगतो त्याच्या लगतचा दोनशे सागरी मैलांचा पट्टा त्यात येतो. हा हक्क मान्य करणारी राष्ट्रे चारच : ब्रिटन, न्यूझीलंड, फ्रान्स व नॉर्वे. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने असे सर्व हक्क आहेत तसे गोठवून ठेवले आहेत. या पट्ट्यात शिकार करणाऱ्या क्योदो सेनपाकू या जपानी कंपनीविरुद्ध ह्यूमेन सोसायटी इंटरनॅशनल या संस्थेने ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयात दावा लावला. २००५ मध्ये न्यायमूर्ती ऑल्सप यांनी जपानमध्ये समन्स बजावण्याची परवानगीच नाकारली. मनाई हुकूम देऊनही तो बजावता येणार नाही, मग तो देऊन काय साधणार, असा त्यांच्या विचाराचा एक भाग होता. अपिलात २००६ मध्ये हे मत फिरले, आणि १५ जानेवारी २००८ रोजी त्याच न्यायमूर्तींनी शिकार बेकायदा असल्याचे जाहीर करून मनाई हुकूम दिला. कंपनी न्यायालयात कधीच हजर झाली नाही. शिकार चालू राहिली. २०१५ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड झाला.

हा दुसरा निकाल अभयक्षेत्राच्या भाषेत निःसंदिग्ध आहे. मिंक, फिन असा भेद तो करीत नाही. हरकतीचा अडसर त्यास नाही. तरीही त्याने एकही जहाज मागे फिरले नाही. अंमल नसलेल्या मुलखाचा कौल तो हाच. हेगच्या निकालाने अभयक्षेत्रास जवळजवळ काहीच दिले नाही, आणि तरीही २०१४-१५ च्या हंगामात जपानी जहाजांनी दक्षिणेत एकही देवमासा मारला नाही.

तो परिणाम एकाच हंगामाचा ठरला, आणि त्याची बीजेही निकालपत्रातच आहेत. वाजवीपणाचा निकष ज्याने सांगितला त्याने, नकळत, वाजवी दिसणारा कार्यक्रम कसा लिहावा हेही सांगून ठेवले. जपानने नवा कार्यक्रम आखला, त्यात फिन व हम्पबॅक वगळले, मिंकचा आकडा ३३३ वर आणला, मुदत बारा वर्षांची ठरविली. आणि २०१५-१६ पासून शिकार पुन्हा सुरू झाली. फिन वगळल्याबरोबर अभयक्षेत्राचा परिच्छेद जपानला कोठेच आडवा येईना. त्याच वर्षी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, जपानने आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या अधिकारमान्यतेच्या आपल्या घोषणेत बदल करून समुद्रातील सजीव संपत्तीच्या संशोधनासंबंधीचे तंटे तीतून वगळले. ‘प्रयोजनार्थ’ या पदाचा अर्थ आता कोणी हेगला जाऊन विचारू नये, अशी ही तजवीज होती.

अखेर डिसेंबर २०१८ मध्ये जपानने करारातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. ३० जून २०१९ पासून तो बाहेर आहे. करार सोडल्याबरोबर आठव्या कलमाचा आश्रयही गेला, आणि अंटार्क्टिकमधील शिकार जपानने थांबविली. दुसऱ्याच दिवशी, १ जुलै रोजी, स्वतःच्या किनाऱ्यालगतच्या व दोनशे मैलांच्या पाण्यात त्याने व्यापारी शिकार उघडपणे सुरू केली. तीस संशोधनाचे नाव देण्याची गरज आता राहिली नव्हती. २०२४ मध्ये त्या शिकारीच्या यादीत फिन देवमाशाचा समावेश करण्यात आला.